कोर्टाने समलिंगी विवाह मान्य केला, गव्हर्नरला तो नको होता : मग त्याच्या हातात नेमकं काय उरलं? मॅसॅच्युसेट्स २००३ ते २००८, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१८ नोव्हेंबर २००३ रोजी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने (तिथे त्याला सुप्रीम ज्युडिशियल कोर्ट म्हणतात) ४ विरुद्ध ३ अशा मतांनी निकाल दिला, की केवळ जोडीदार समलिंगी आहे म्हणून विवाह नाकारणं त्या राज्याच्या घटनेत बसत नाही. गव्हर्नर मिट रॉम्नी यांचा या निकालाला उघड विरोध होता. तरी १७ मे २००४ ला लग्नं सुरू झालीच, आणि अमेरिकेत असं घडणारं ते पहिलं राज्य ठरलं.

‘गव्हर्नरने मनात आणलं असतं तर हे थांबलं नसतं का?’ हा प्रश्न तेव्हापासून आजपर्यंत विचारला जातो. गंमत म्हणजे तो विचारणाऱ्यांत निकालाच्या बाजूचे लोक कमी आणि गव्हर्नरच्या बाजूचे जास्त असतात.

गव्हर्नर म्हणजे आपला राज्यपालच ना?

नाही, आणि इथेच बहुतेकांची पहिली गल्लत होते. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो आणि राज्याचं प्रशासन प्रत्यक्ष तोच चालवतो. आपल्या भाषेत सांगायचं तर तो मुख्यमंत्रीच, फक्त विधिमंडळात न बसणारा.

पण मुख्यमंत्र्यापेक्षा त्याचे हात एका बाबतीत जास्त बांधलेले असतात. आपला मुख्यमंत्री महाधिवक्ता बदलू शकतो, विधानसभेत त्याचं बहुमत असतं. मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याचा मुख्य वकील, म्हणजे अॅटर्नी जनरल, स्वतंत्रपणे निवडून येतो. रॉम्नी रिपब्लिकन होते. अॅटर्नी जनरल टॉम रायली डेमोक्रॅट होते, आणि विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांतही डेमोक्रॅट पक्षाचं भक्कम बहुमत होतं. पुढच्या बहुतेक उत्तरांची मुळं या वाटणीत आहेत.

खटला आरोग्य खात्यावर का होता? लग्नाचा आणि आरोग्याचा काय संबंध?

खटल्याचं नावच ‘गुडरिज विरुद्ध डिपार्टमेंट ऑफ पब्लिक हेल्थ’ असं आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये जन्म, मृत्यू आणि विवाह यांच्या नोंदी ठेवणारं कार्यालय आरोग्य खात्याखाली येतं. लग्नाच्या अर्जाचे नमुने तेच छापतं आणि झालेल्या लग्नांच्या प्रती शेवटी तिथेच जमा होतात. सात जोडप्यांनी २००१ च्या वसंतात आपापल्या गावच्या क्लार्ककडे (गावाच्या नोंदी ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) अर्ज केले, ते नाकारले गेले, आणि एप्रिल २००१ मध्ये दावा दाखल झाला. खालच्या कोर्टात ते हरले, वर जिंकले.

हा तपशील महत्त्वाचा आहे, कारण आरोग्य खातं गव्हर्नरच्या हाताखालचं. निकाल ‘दुसऱ्या कुणावर’ नव्हता, त्याच्याच प्रशासनावर होता.

निकालपत्रात आदेश नेमका काय होता?

सरन्यायाधीश मार्गारेट मार्शल यांनी लिहिलेल्या निकालपत्रात तीन गोष्टी नीट वेगळ्या कराव्या लागतात.

एक, घोषणा : समलिंगी जोडप्यांना नागरी विवाहाचे संरक्षण, लाभ आणि जबाबदाऱ्या नाकारणं घटनाबाह्य आहे. दोन, व्याख्या : ‘विवाह’ या शब्दाचा जुना अर्थ कोर्टाने दुरुस्त केला आणि दोन व्यक्तींनी पती-पत्नी अशा भेदाशिवाय, इतरांना वगळून, स्वेच्छेने केलेला संबंध असा तो वाचला. या बाबतीत त्यांनी त्याच वर्षी जूनमध्ये कॅनडातल्या ओंटारिओ अपील कोर्टाने घेतलेला मार्ग धरला. तीन, अंमल : खटला खालच्या कोर्टाकडे परत पाठवला, तिथे या निकालाप्रमाणे हुकूमनामा नोंदवायचा, पण १८० दिवसांनंतर.

‘लायसन्स (लग्नाआधी घ्यावा लागणारा परवाना) द्या’ असं एकही वाक्य गव्हर्नरला उद्देशून त्यात नाही. त्यावरून पुढे बराच वाद झाला. त्याचं उत्तर खाली आहे.

१८० दिवस कशासाठी? आणि १७ मे हीच तारीख कशी आली?

विधिमंडळाला योग्य वाटेल ती पावलं उचलता यावीत म्हणून, एवढंच कोर्टाने म्हटलं. दिवस मोजून पाहा : नोव्हेंबरचे १२, डिसेंबरचे ३१, जानेवारीचे ३१, फेब्रुवारीचे २९ (२००४ लीप वर्ष होतं), मार्चचे ३१, एप्रिलचे ३०, मेचे १६. झाले १८०. १६ मे रविवार होता, म्हणून कार्यालयं उघडणारा पहिला दिवस सोमवार, १७ मे. शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या ‘ब्राउन’ खटल्याच्या निकालाला त्याच दिवशी बरोबर ५० वर्षं झाली होती. हा योगायोग कॅलेंडरचा.

या मुदतीत सिनेटने कोर्टाला विचारलं : लग्नाचे सगळे हक्क द्यायचे पण नाव ‘सिव्हिल युनियन’ ठेवायचं, असं चालेल का? मॅसॅच्युसेट्सच्या घटनेत विधिमंडळाची दोन्ही सभागृहं आणि गव्हर्नर यांना महत्त्वाच्या कायदेशीर प्रश्नावर न्यायमूर्तींचं मत आधीच मागता येतं. फेब्रुवारी २००४ च्या सुरुवातीला उत्तर आलं, पुन्हा ४ विरुद्ध ३ : चालणार नाही, वेगळं नाव म्हणजे वेगळा दर्जा. यानंतर साध्या कायद्याने निकालातून वाट काढण्याचा रस्ता बंद झाला. उरली फक्त घटनादुरुस्ती.

मुदत वाढवून मागायला गव्हर्नर स्वतः कोर्टात का गेला नाही?

जायचं होतं, पण वकील मिळाला नाही. हे ऐकायला विनोदी वाटतं, पण शब्दशः असंच झालं.

मॅसॅच्युसेट्समध्ये राज्याच्या वतीने कोर्टात कोण उभं राहील आणि काय मागेल, हे अॅटर्नी जनरल ठरवतो. गव्हर्नरच्या मंत्रिमंडळातल्या खात्याला अपील करायचं असलं आणि अॅटर्नी जनरलला नको असलं, तर अपील होत नाही, हे त्याच सर्वोच्च न्यायालयाने १९७५ मध्ये स्पष्ट केलं होतं. २९ मार्च २००४ ला विधिमंडळात घटनादुरुस्तीचा पहिला टप्पा पार पडला. त्याच दिवशी रॉम्नी यांनी रायली यांना विनंती केली : लोकांचं मतदान नोव्हेंबर २००६ मध्ये होईल, तोवर निकालाला स्थगिती मागा. रायली यांनी नकार दिला. निकाल स्पष्ट आहे, मागायला कायदेशीर आधार नाही, हे त्यांचं म्हणणं.

मग रॉम्नी यांनी एप्रिलमध्ये एक तातडीचं विधेयक पाठवलं : याच कामापुरता स्वतंत्र वकील नेमण्याची परवानगी मला द्या. विधिमंडळाने ते बासनात गुंडाळून ठेवलं. तिथे कोर्टाचा मार्ग संपला.

आमच्या मते गव्हर्नरच्या अधिकाराची खरी हद्द दिसते ती इथे. न्यायालयाशी त्याची समोरासमोर गाठ पडलीच नाही. त्याआधीच दुसऱ्या दोन निवडून आलेल्या घटकांनी दार लावून घेतलं होतं.

‘कायद्याचं पुस्तक तर बदललंच नव्हतं.’ मग निकाल धुडकावता आला नसता का?

हा युक्तिवाद असा : विवाहाचा कायदा, म्हणजे जनरल लॉज प्रकरण २०७, विधिमंडळाने दुरुस्त केला नाही. कोर्टाने फक्त ‘जाहीर’ केलं, हुकूम दिला नाही. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या घटनेत, हक्कांच्या जाहीरनाम्याच्या ३० व्या कलमात, सत्तेची तीन अंगं वेगळी ठेवली आहेत. तेव्हा कायदा बदलेपर्यंत गव्हर्नरने जुनीच पद्धत चालू ठेवायला हवी होती.

यात पहिलं वाक्य खरं आहे. विधिमंडळाने त्या वेळी प्रकरण २०७ ला हात लावला नाही. पण पुढचं कोसळतं, आणि कुठे कोसळतं ते पाहण्यासारखं आहे.

प्रकरण २०७ मध्ये ‘स्त्री आणि पुरुष यांनीच’ असं थेट कुठेच लिहिलेलं नव्हतं. बंदी होती ती ‘विवाह’ या शब्दाच्या रूढ अर्थात. हा अर्थ न्यायालयीन परंपरेतून आलेला, आणि तो दुरुस्त करण्याचा अधिकारही न्यायालयाचाच. त्यामुळे नवा अर्थ लागू व्हायला पुस्तकातलं वाक्य बदलण्याची गरजच नव्हती.

‘नुसती घोषणा’ हाही भ्रम आहे. प्रतिवादी सरकारी खातं असेल तर कोर्ट बहुधा घोषणेवरच थांबतं, कारण सरकार ती पाळेल असं गृहीत असतं. पाळली नाही तर वादी त्याच खालच्या कोर्टात परत जातात आणि आरोग्य आयुक्ताच्या नावाने मनाई हुकूम मागतात. तो मोडला की अवमान. म्हणजे गव्हर्नरने ताणून धरलं असतं तर काही आठवडे मिळाले असते आणि त्याच्या हाताखालचा अधिकारी कोर्टाच्या पिंजऱ्यात उभा राहिला असता.

रॉम्नी यांनी ते केलं नाही. निकालाशी असहमत आहोत, घटनादुरुस्तीच्या मागे आहोत, तोवर कायदा पाळू, अशी त्यांची भूमिका राहिली. त्यांच्याच बाजूच्या काहींनी ही त्यांची चूक म्हणून पुढे अनेक वर्षं उगाळली.

निदान क्लार्कना तरी ‘लायसन्स देऊ नका’ असं फर्मान काढता आलं असतं?

मॅसॅच्युसेट्समध्ये ३५१ शहरं आणि गावं आहेत आणि प्रत्येकाचा स्वतःचा क्लार्क आहे. तो स्थानिक पातळीवर निवडून येतो किंवा नेमला जातो. त्याचा पगार गावाच्या तिजोरीतून, नेमणूक गावाची. गव्हर्नर त्याला निलंबित करू शकत नाही. राज्याकडून त्याला मिळतात ते अर्जाचे नमुने, नियमांचं मार्गदर्शन आणि प्रशिक्षण.

हीच रचना उलट्या दिशेनेही चालते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने देशभर समलिंगी विवाह मान्य केल्यावर केंटकीचे गव्हर्नर स्टीव्ह बेशिअर निकाल पाळा म्हणत होते, आणि रोवन काउंटीच्या निवडून आलेल्या क्लार्क किम डेव्हिस लायसन्स द्यायला तयार नव्हत्या. बेशिअर त्यांना काढू शकत नव्हते. संघराज्य (म्हणजे केंद्राच्या) कोर्टाने अवमानाबद्दल डेव्हिस यांना काही दिवस तुरुंगात ठेवलं, तेव्हा त्यांच्या हाताखालच्या लोकांनी लायसन्स द्यायला सुरुवात केली.

मग फॉर्मवर तरी गव्हर्नरची सत्ता चालली का?

हो, आणि ती बऱ्यापैकी चालली. विवाहाच्या अर्जावर ‘वधू’ आणि ‘वर’ असे दोन रकाने होते. १७ मेच्या आधी रॉम्नी यांच्या प्रशासनाने नवा नमुना काढला : ‘पार्टी ए’ आणि ‘पार्टी बी’. रुक्ष वाटतं, पण क्लार्कच्या टेबलावरचा प्रश्न त्याने सुटला. नाहीतर दोन स्त्रियांच्या अर्जात ‘वर’ कोण लिहायचं, यावर प्रत्येक गावात वेगळी खाडाखोड झाली असती आणि नोंदी कार्यालयात परत आल्या असत्या.

तशी खाडाखोड जन्मदाखल्यांवर मात्र झालीच. विवाहित दोन स्त्रियांना मूल झालं की दाखल्यावर ‘वडील’ हा रकाना समोर यायचा. नोंदणी कार्यालयाला नमुना बदलायचा होता, गव्हर्नरच्या कार्यालयाने बदलू दिला नाही. त्याऐवजी प्रत्येक प्रकरण गव्हर्नरच्या कायदा सल्लागाराकडे मंजुरीला जायचं, आणि मग रुग्णालयातला कर्मचारी पेनाने ‘वडील’ खोडून ‘दुसरे पालक’ असं हाताने लिहायचा. असा दाखला पुढे शाळेत किंवा पासपोर्टसाठी दाखवला की ‘ही खाडाखोड कुणी केली?’ हा प्रश्न आलाच. निकालाला स्पर्श न करता माणसांचं जिणं अवघड करता येतं, ते असं.

लग्न लावणाऱ्यांना ‘आम्ही लावणार नाही’ म्हणता येत होतं का?

धर्मगुरूंना येत होतं, आजही येतं. निकाल नागरी विवाहापुरता होता.

जस्टिस ऑफ द पीस या अधिकाऱ्यांना मात्र नाही. त्यांना गव्हर्नर सात वर्षांसाठी नेमतो, कौन्सिलच्या (निवडून आलेल्या सल्लागार मंडळाच्या) संमतीने. एप्रिल २००४ मधल्या प्रशिक्षणात रॉम्नी यांचे कायदा सल्लागार डॅनियल विन्स्लो यांनी त्यांना साफ सांगितलं, की समलिंगी जोडप्यांची लग्नं लावायची नसतील तर राजीनामा द्या. काहींनी दिलाही.

याशिवाय एक खास सोय आहे : एखाद्या मित्राला किंवा नातेवाइकाला एका दिवसापुरता लग्न लावण्याचा अधिकार गव्हर्नर देऊ शकतो. तसे अर्ज समलिंगी जोडप्यांकडूनही आले आणि रॉम्नी यांच्या कार्यालयाने ते मंजूर केले. एका बाजूला घटनादुरुस्तीचा प्रचार, दुसऱ्या बाजूला आपल्याच सहीचं प्रमाणपत्र.

१७ मेला तीन दिवसांची वाट न पाहता लग्नं कशी लागली?

नियम असा : दोघांनी एकत्र क्लार्कसमोर जाऊन ‘विवाहाच्या इराद्याची नोटीस’ भरायची, शपथ घ्यायची. तिसऱ्या दिवशी किंवा नंतर लायसन्स मिळतं. नोटीस भरल्यापासून ते ६० दिवस चालतं.

घाई असेल तर प्रोबेट (वारसा आणि कुटुंबाची प्रकरणं पाहणाऱ्या) किंवा डिस्ट्रिक्ट कोर्टाकडून वाट पाहण्याची अट माफ करून घेता येते. त्या सोमवारी अनेकांनी हेच केलं : आधी क्लार्क, मग कोर्ट, कोर्टाचा कागद घेऊन पुन्हा क्लार्क, मग लग्न. केंब्रिजच्या सिटी हॉलने तर रविवारची रात्र संपताच, १२ वाजून १ मिनिटाने दार उघडलं, आणि पहाटेपर्यंत अडीचशेहून अधिक जोडप्यांचे अर्ज घेतले. कोर्ट मात्र सकाळीच उघडणार होतं, त्यामुळे मध्यरात्री अर्ज करूनही पहिली लग्नं सकाळी नऊच्या सुमारास लागली.

१९१३ च्या कायद्याची भानगड काय? गव्हर्नर तिथे जिंकला असं म्हणतात.

जिंकला, निदान चार वर्षं.

प्रकरण २०७ च्या ११ व्या कलमात १९१३ पासून एक तरतूद होती : दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या आणि पुढेही तिथेच राहणार असलेल्या व्यक्तीचं लग्न तिच्या राज्यात रद्दबातल ठरणारं असेल, तर ते मॅसॅच्युसेट्समध्ये लावता येणार नाही. १२ व्या कलमाने क्लार्कवर खातरजमा करण्याची जबाबदारी टाकली होती. हा कायदा आला तेव्हा देशभर आंतरवंशीय विवाहांविरुद्ध वातावरण तापलेलं होतं. खुद्द मॅसॅच्युसेट्सने तशा विवाहांवरची आपली बंदी १८४३ मध्येच उठवली होती, पण इतर राज्यांच्या बंदीला मान देणारं हे कलम पुस्तकात राहून गेलं आणि कित्येक दशकं कुणी त्याच्याकडे पाहिलं नाही.

रॉम्नी यांनी ते बाहेर काढलं. एप्रिलच्या अखेरीस त्यांनी इतर राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रं पाठवली, की तुमच्या रहिवाशांची अशी लग्नं आम्ही लावणार नाही. क्लार्कना सांगण्यात आलं की राहण्याचा पत्ता आणि पुढचा इरादा शपथेवर घ्या. प्रॉव्हिन्सटाउन, सॉमरव्हिल, वूस्टर, स्प्रिंगफील्ड इथल्या क्लार्कनी बाहेरच्या जोडप्यांनाही लायसन्स दिली. गव्हर्नरने त्यांच्याकडून अर्जांच्या प्रती मागवल्या आणि अॅटर्नी जनरलकडे धाडल्या. या वेळी रायली गव्हर्नरच्या बाजूला होते : विधिमंडळाने केलेला कायदा आहे, रद्द झालेला नाही, तो पाळा. क्लार्कना ताकीद गेली आणि गावं थांबली.

हे प्रकरण कोर्टात गेलं. ३० मार्च २००६ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने कायदा वैध ठरवला, पण एक फट ठेवली : बंदी लागते ती जोडप्याच्या राज्यात अशा विवाहाला मनाई असेल तरच. ऱ्होड आयलंडमध्ये तशी मनाई नाही असं सप्टेंबर २००६ मध्ये खालच्या कोर्टाने ठरवलं, आणि तिथल्या जोडप्यांना दार उघडलं. न्यूयॉर्कचं उत्तर त्याच वर्षी ६ जुलैला आलं होतं. तिथल्या वरिष्ठ कोर्टाने दावा फेटाळला, त्यामुळे न्यूयॉर्ककरांसाठी दार बंद झालं.

३१ जुलै २००८ ला पुढचे गव्हर्नर डेव्हल पॅट्रिक यांनी ते कलम रद्द करणाऱ्या विधेयकावर सही केली.

गव्हर्नर इथे का टिकला आणि स्थगितीच्या वेळी का नाही, हे शेजारी ठेवून पाहावं. १९१३ च्या बाबतीत त्याच्या मागे विधिमंडळाचा जिवंत कायदा होता आणि अॅटर्नी जनरलही होता. स्थगितीच्या वेळी दोन्ही नव्हते.

घटनादुरुस्तीत गव्हर्नरला नकाराधिकार असतो का?

नसतो. सहीही लागत नाही. दुरुस्ती दोन्ही सभागृहांच्या संयुक्त बैठकीत होते : ४० सिनेटर आणि १६० प्रतिनिधी, एकूण २००. विधिमंडळाकडून आलेल्या दुरुस्तीला १०१ मतं लागतात, तीही लागोपाठच्या दोन विधिमंडळांत. मग लोकांचं मतदान. म्हणून २००४ मध्ये सगळं सुरळीत झालं असतं तरी २००६ च्या आधी दुरुस्ती शक्य नव्हती. १८० दिवस आणि अडीच वर्षं यांतली ही तफावत कुणालाच बुजवता आली नाही.

पहिला प्रयत्न : विवाह बंद, सिव्हिल युनियन चालू. २९ मार्च २००४ ला १०५ विरुद्ध ९२ ने पास झाला. मध्ये दीड वर्ष गेलं, हजारो लग्नं झाली, आणि १४ सप्टेंबर २००५ ला तोच प्रस्ताव १५७ विरुद्ध ३९ ने पडला.

दुसरा प्रयत्न सह्यांचा. नागरिकांच्या प्रस्तावाला ६५,८२५ सह्या लागत होत्या, एक लाख वीस हजारांहून जास्त जमल्या. अशा प्रस्तावाला विधिमंडळात फक्त एक चतुर्थांश, म्हणजे ५० मतं पुरतात, पण तीही दोनदा. ९ नोव्हेंबर २००६ ला बैठक मतदान न घेताच तहकूब झाली, थेट अधिवेशनाच्या शेवटच्या दिवसापर्यंत. तेव्हा रॉम्नी कोर्टात गेले, पण गव्हर्नर म्हणून नाही, इतर मतदारांबरोबर एक नागरिक म्हणून. २७ डिसेंबरला कोर्टाने सांगितलं : मतदान घेणं हे आमदारांचं घटनात्मक कर्तव्य आहे, पण ते करायला आम्ही त्यांना भाग पाडू शकत नाही. ज्या कोर्टावर मर्यादा ओलांडल्याचा आरोप होत होता, त्याने इथे स्वतःची मर्यादा दाखवली, तरी कर्तव्याची ती आठवण गव्हर्नरच्या पथ्यावर पडली. २ जानेवारी २००७ ला मतदान झालं, ६२ मतं पडली, पहिला टप्पा पार. १४ जूनला दुसऱ्या टप्प्यात ४५ च मिळाली. पाच कमी. प्रस्ताव तिथेच संपला. तोवर रॉम्नी यांची कारकीर्दही संपली होती.

न्यायमूर्तींनाच हटवता आलं असतं?

घटनेत वाट आहे : दोन्ही सभागृहांनी ठराव केला, तर गव्हर्नर कौन्सिलच्या संमतीने न्यायमूर्तीला काढू शकतो. २००४ मध्ये एका आमदाराने चार न्यायमूर्तींविरुद्ध तसा प्रस्ताव आणला, तो पुढे सरकला नाही. ठरावाविना गव्हर्नर काही करू शकत नाही. न्यायमूर्ती ७० व्या वर्षापर्यंत असतात, आणि रॉम्नी यांच्या चार वर्षांत सर्वोच्च न्यायालयात एकही जागा रिकामी झाली नाही. सातपैकी सहा न्यायमूर्ती आधीच्या रिपब्लिकन गव्हर्नरांनीच नेमलेले होते, हे तेव्हा फारसं कुणी बोलून दाखवत नव्हतं.

संघराज्य कोर्ट मध्ये पडलं का?

नाही. कोर्टाने विधिमंडळाचं काम बळकावलं, त्यामुळे राज्याची प्रजासत्ताक पद्धतच बिघडली, असा दावा झाला. बोस्टनच्या संघराज्य न्यायाधीशांनी १३ मे २००४ ला तो नाकारला आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानेही थांबवायला नकार दिला. निकाल पूर्णपणे मॅसॅच्युसेट्सच्या स्वतःच्या घटनेवर आधारलेला होता, त्यामुळे वर दाद मागायला जागाच नव्हती.

अॅटर्नी जनरल गव्हर्नरचाच असता तर?

त्याचं उत्तर न्यू जर्सीत मिळतं. तिथे अॅटर्नी जनरल गव्हर्नर नेमतो. २०१२ मध्ये तिथले गव्हर्नर क्रिस ख्रिस्ती यांनी समलिंगी विवाहाचं विधेयक नकाराधिकाराने अडवलं. सप्टेंबर २०१३ मध्ये कोर्टाने २१ ऑक्टोबरपासून विवाह सुरू करायला सांगितलं, तेव्हा त्यांनी लगेच अपील केलं आणि स्थगितीही मागितली. १८ ऑक्टोबरला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने स्थगिती नाकारली. २१ ला लग्नं सुरू झाली, त्याच दिवशी अपील मागे. वकील हाताशी असूनही एक दिवसही जास्त मिळाला नाही.

उलट उदाहरण सॅन फ्रान्सिस्कोचं. तिथल्या महापौरांनी फेब्रुवारी २००४ मध्ये कायद्याविरुद्ध जाऊन लायसन्स वाटली. ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती सुमारे चार हजार लग्नं रद्द ठरवली : कायदा घटनाबाह्य आहे की नाही हे कार्यकारी अधिकाऱ्याने स्वतःच ठरवायचं नसतं. हा नियम गव्हर्नरला जसा लागतो तसा त्याच्या विरोधकांनाही लागतो.

भारतात कोर्टाने असा निकाल दिला, तर राज्यपाल किंवा राज्य सरकार अडवू शकेल?

तशी वेळ आलेली नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सुप्रियो खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला, आणि जानेवारी २०२५ मध्ये पुनर्विचार याचिकाही फेटाळल्या गेल्या.

आली असती, तर घोडं राजभवनात अडलं नसतं. घटनेच्या १४४ व्या कलमाने देशातल्या सगळ्या मुलकी आणि न्यायिक अधिकाऱ्यांना सर्वोच्च न्यायालयाला साहाय्य करणं बंधनकारक आहे. अडचण आली असती ती विवाह अधिकाऱ्याच्या टेबलावर : विशेष विवाह कायद्याच्या नमुन्यातले वर-वधू हे रकाने, वयाची २१ आणि १८ ही वेगळी अट, आणि ३० दिवसांची नोटीस. म्हणजे मॅसॅच्युसेट्समध्ये आला तोच फॉर्मचा प्रश्न.

मॅसॅच्युसेट्समध्ये राहणाऱ्या किंवा तिथे जाऊन लग्न करणाऱ्या मराठी जोडप्याने आज काय लक्षात ठेवावं?

राहण्याची अट नाही, २००८ पासून. कोणत्याही गावच्या क्लार्ककडे दोघांनी एकत्र जायचं. शुक्रवारी अर्ज केला तर सोमवारपासून लायसन्स मिळू शकतं, म्हणून सुट्टी बेतून घ्या. रक्ततपासणीची जुनी अट २००५ मध्ये गेली. शुल्क गावागणिक वेगळं, आधी फोन करून विचारा, काही ठिकाणी रोखच घेतात.

अमेरिकेच्या व्हिसासाठी, लग्न जिथे झालं तिथे वैध असेल तर २०१३ पासून समलिंगी जोडीदारही जोडीदारच मानला जातो. भारतात या लग्नाला कायदेशीर मान्यता नाही, त्यामुळे इथली मालमत्ता, बँक, विमा यांसाठी मृत्युपत्र आणि नॉमिनेशन वेगळं करावंच लागतं. लग्नानंतर क्लार्ककडून शिक्क्याची प्रमाणित प्रत घ्या, दोन-तीन जास्तच. लायसन्सची फोटोकॉपी विवाहाचा पुरावा म्हणून चालत नाही, आणि अर्ज परत येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.